वरच्या घाटाचं पाणी

आमच्या बायकोला काही समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लग्न झाल्यापासून मी हे म्हणत आलोय आणि तरीही सांगत आलोय, कारण माझाही स्वभाव काही कमी नाही. जवाहरनगरच्या फॅक्टरीत माझी उभी हयात गेली. तिथे नियम म्हणजे नियम. बायजाबाईचे नियम वेगळे असतात; ते ती स्वतःच करते आणि मला चालता चालता कळवते.

निवृत्त झाल्यावर आम्ही लाखांदूरला घर बांधलं. यंदा आमच्या प्रफुल्लनं आम्हा दोघांची नावं श्रीलंकेच्या सहलीत घातली. नागपूरहून उपासक-उपासिकांची एक तुकडी जाणार होती. समुद्र, सिगिरियाचा डोंगर, कँडीचं दंतमंदिर आणि शेवटी अनुराधापूर. अनुराधापूरला बोधिवृक्ष आहे. गयेच्या मूळ झाडाची फांदी संघमित्रेनं समुद्रापार नेली, तिचं ते झाड. लेकानं पाठवलं म्हणून मी चार जणांत छाती काढून फिरलो.  बायजानं मात्र दुसऱ्या दिवशी पिशवी घेतली आणि म्हणाली, "चला, दिघोरीची यष्टी पकडाची हाये."

"कायले?"

"माहेरून पाणी आणाचं हाये. वरच्या घाटाचं. बोधीले घालाचं हाये."

ऐकून मी चपला घातल्या. वरचा घाट म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगतो.

बायजाचं माहेर दिघोरीच्या अलीकडचं एक लहानसं गाव. गावाला जुना तलाव आहे, त्यावर सगळं धान पिकतं. तलावाला दोन घाट. वरच्या घाटावर आमच्या लोकांना पाय ठेवायची सोय नव्हती. खालच्या अंगाला, जिथे गुरं पाण्यावर येत, तिथे बायजाच्या आजीनं घागर घेऊन उभं राहायचं. वरचा कुणी आला आणि त्याला दया आली, तर तो हात लागणार नाही इतक्या उंचीवरून घागरीत पाणी सोडायचा. कुणीच नाही आलं, तर गुरांनी ढवळलेलं पाणी पदरात धरायचं, गाळ वर राहू द्यायचा आणि पदर पिळून भांडं भरायचं. आजीच्या लुगड्याच्या पदराला गाळाचा पिवळा पट्टा कायमचा होता. बायजानं तो लहानपणी पाहिलेला आहे.

छप्पन साली आजी नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली आणि दुसऱ्या सकाळी घागर घेऊन थेट वरच्या घाटाच्या पायऱ्या उतरली. आपल्या हातानं घागर बुडवली. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माणसं उभी होती. एकानंही तोंड उघडलं नाही म्हणे. आजीचा चेहरा पाहून हिंमत झाली नसेल. भरली घागर डोक्यावर घेऊन ती गावाच्या मधल्या रस्त्यानं घरी आली. त्या पाण्याचा चहा साऱ्या मोहल्ल्यानं प्यायला.

"आजीनं पाणी घरापर्यंत आणलं," बायजा यष्टीत मला म्हणाली, "म्या आता बोधीपर्यंत नेतो. ते झालं का मंग मले कायीच नाई पाह्यजे."

घाटावर भैयाजी भेटले. भैयाजी म्हणजे बायजाच्या बरोबरीचे. त्यांच्या आज्याकडे या तलावाच्या पाण्याचा कारभार होता, म्हणजे वरच्या घाटाचे मालकच म्हणा. आज भैयाजींकडे तीन एकर धान, दोन म्हशी आणि न आटणारी जीभ आहे.

"जवाईबापू, लंकेले चालले म्हनते! शेपटी हाये का?"

"शेपटी तुमची घेऊन जातो. तुमाले कुठं काम पडते तिचं," मी म्हणालो.

भैयाजी हसले आणि बायजाकडे वळून म्हणाले, "आन वं ते बाटल इकडं. आतलं चांगलं पानी आनून देतो. काठचं गढूळ हाये."

"नाई भैयाजीभाऊ," बायजा म्हणाली. "माह्याच हातानं भरतो."

लुगडं खोचून ती पायऱ्या उतरली आणि कोल्ड्रिंकची एक धुतलेली बाटली तिनं गुडघाभर पाण्यात बुडवली. बुडबुडे थांबेतो धरून ठेवली. पाणी जरा पिवळसरच होतं.

आता नियम ऐका. ही बाटली मोठ्या बॅगेत ठेवायची नाही, कारण मोठ्या बॅगेत चपला होत्या. "आजीनं डोक्शावर आणलं ते पानी, म्या चपलीच्या बाजूले ठेवू?" खालीही ठेवायची नाही. मांडीवर न्यायची. मी म्हणालो, विमानाचे नियम असतात. ती म्हणाली, असू द्या. नागपूरहून चेन्नईपर्यंत बाटली मांडीवर ऐटीत गेली, कुणी हूं की चूं केलं नाही. बायजानं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी खिडकीबाहेरचे ढग पाहायला लागलो.

चेन्नईला मात्र विमान परदेशी जाणारं होतं. तपासणीला खाकी कपड्यातली एक तरुण पोरगी होती. तिनं बाटली वर धरली आणि बाजूच्या डब्याकडे बोट केलं. पाणी चालणार नाही.

"ताई, हे प्यायचं पानी नाई," बायजा म्हणाली. "बोधी का पानी है."

पोरीला हिंदी थोडी आणि आमची झाडीबोली मुळीच नाही. तिनं पुन्हा डब्याकडे बोट केलं. तिचीही चूक नव्हती, तिला नियम होता. मागे रांग खोळंबली. आमचा सहलप्रमुख अमर घामाघूम होऊन म्हणाला, "मावशी, टाकून द्या ना. तिकडं भेटते पानी. अख्खा समुद्र हाये."

बायजाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. इतक्या वर्षांत मी तिला भांडताना पाहिलंय, रडताना पाहिलंय, पण हात रिकामे पडल्यासारखी उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. 'मी सांगितलं होतं ना' असं म्हणायचा आनंद मला व्हायला हवा होता. झाला नाही. उलट मी त्या पोरीवरच उगाच ओरडलो. तिनं शांतपणे तिच्या साहेबाला बोलावलं.

साहेब येईपर्यंत बायजानं माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला. पांढरा, सुती, नवा कोरा, सहलीसाठी घेतलेला.

"काय करून राहिली वं?"

"चूप बसा."

रांगेबाहेर होऊन तिनं दुपट्ट्याची घडी त्या डब्यावर धरली आणि बाटली हळूहळू त्यावर ओतली. पाणी कापडातून डब्यात पडत गेलं, गाळ वर राहत गेला. घाई केली नाही. तळाशी घोटभर उरलं ते तिनं पिऊन टाकलं. मग दुपट्टा अलगद पिळला, झटकला नाही, आणि तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवला. पांढऱ्या कापडावर मधोमध पिवळा पट्टा उमटला होता.

साहेब आला. त्यानं ओला दुपट्टा उचलून पाहिला, पोरीकडे पाहिलं, बायजाकडे पाहिलं. कापड नेऊ नये असा नियम कुठल्याच वहीत नसावा. त्यानं मान हलवली. जा.

विमानात मी म्हणालो, "अवं पण हे वाळून जाईन. मंग राहिलं काय त्यात?"

"पानी वाळते," बायजा म्हणाली. "गाळ नाई वाळत. आजीच्या पदराचा कधी गेला?"

त्या दिवसापासून माझा दुपट्टा माझा राहिला नाही.

लंका हा मुलूख मात्र पाहावा असा आहे. मी कशालाही सहजासहजी चांगलं म्हणणारा माणूस नाही, पण तिथे मी हरलो. जिकडे पाहावं तिकडे नारळाची बनं, आणि केशरी रंगाची शहाळी रस्त्याच्या कडेला लटकवलेली. समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ओंजळीत घेऊन चाखला आणि थुंकला. एवढं पाणी, आणि धानाची एक बांधी, एक खाचर पिकत नाही त्यावर! बायजा मात्र लाटेत उभी राहून पोरीसारखी हसली. पायाखालची वाळू सरकली की मला धरायची. तेवढ्यापुरता दुपट्टा तिनं डोक्याला गुंडाळून ठेवला होता.

सिगिरियाच्या खडकावर चढताना माझा दम निघाला. सवयीनं खांद्यावर हात गेला, तर बायजा मागून ओरडली, "घाम पुसाल तं पाहा!" मी सदऱ्यानं घाम पुसला. कँडीच्या दंतमंदिरात ढोल वाजत होते, पांढऱ्या कपड्यातली माणसं निळी कमळं घेऊन रांगेत उभी होती, आणि कुणी कुणाला ढकलत नव्हतं. सकाळी नाश्त्याला दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या मिळत आणि सोबत झणझणीत लाल चटणी. आपली खीर गोड आणि त्यांची खारी, फरक एवढाच. मी तीन-तीन वड्या खाल्ल्या. आपण धानाच्या मुलुखातली माणसं, तांदळाला नाही म्हणत नाही.

आमचा वाटाड्या निमल नावाचा होता. हिंदी सिनेमे पाहून हिंदी शिकलेला, त्यामुळे साधं "जेवायला चला" हेही तो फार जोरकसपणे सांगायचा. अनुराधापूरच्या वाटेवर तलाव लागू लागले. एकामागे एक. पाळ, पाळीवर जुनी झाडं, खाली हिरवं धान. निमल मोठ्या अभिमानानं म्हणाला, "हमारे राजा लोगों ने बनाया. दुनिया में ऐसा कहीं नहीं!"

हे मी ऐकून घेणार होतो होय? मी बसमध्ये उभाच राहिलो.

"ओ निमलभाऊ, हमारा भंडारा जिल्हा तलाव का जिल्हा है. गाव तिथं तलाव, आणि जिथं तलाव नाही तिथं निदान लहानशी बोडी. हमारे लोगों ने बनाया, राजा का नाम भी नहीं लगाया!"

बसमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नागपूरकरांनीसुद्धा, ज्यांचा आमच्या तलावांशी काडीचा संबंध नाही. निमलनं हात जोडले आणि बस एका मोठ्या तलावाशी थांबवली.

संध्याकाळचं ऊन होतं. काठावर माणसं आंघोळी करत होती. बायका छातीशी कापड बांधून पाण्यात उतरल्या होत्या, म्हातारे पोरांच्या पाठी घासत होते, दोन भिक्खू हातपाय धूत होते. बायजा पाळीवरून बराच वेळ पाहत राहिली. मग निमलला विचारलं, "इधर किसका घाट कौनसा है?"

निमलला प्रश्नच कळला नाही. "घाट? अम्मा, जिसको जहाँ जगह मिले."

 बायजा खाली उतरली आणि पायऱ्यांवर एका सिंहली म्हातारीशेजारी जाऊन बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. म्हातारीनं तिला सरकून जागा दिली आणि आपला साबण पुढे केला. बायजानं त्या साबणानं पाय धुतले. वर येऊन मला म्हणाली, "बरं गाव हाये." तिचे डोळे ओले होते.

दुसऱ्या सकाळी बोधिवृक्ष. मूळ झाड उंच ओट्यावर आहे, भोवती सोन्याचा कठडा. तिथपर्यंत कुणी जात नाही. पण खालच्या अंगणात त्याच्याच पाठराखणीला पिंपळ उभे आहेत, आणि लोक मडकी भरून त्यांना प्रदक्षिणा घालतात, पाणी घालतात. आम्ही पांढरे कपडे घालून, अनवाणी, वाळूत उभे होतो. अमर, निमल, सगळी मंडळी रांगेत. बायजानं मातीचं मडकं नळाखाली भरलं, दुपट्टा त्यात बुडवला आणि पट्ट्याची जागा चोळून चोळून पिळली. पाण्याला फिकट पिवळा रंग आला.

ती झाडापाशी पोचली, तेवढ्यात तिथला एक सेवेकरी पुढे आला. मडक्यात पाहून त्यानं हात आडवा केला. काहीतरी बोलला. निमल कानाशी येऊन म्हणाला, "अम्मा, बोलता है पानी साफ नहीं है. दूसरा भर लो."

माझं डोकं भडकलं. एवढ्या दूर येऊन पुन्हा तेच? पुन्हा कुणी हात आडवा करून सांगणार, कोणतं पाणी चालतं ते? मी पुढे सरसावलो, पण बायजानं कोपरानं मला मागे ढकललं. सेवेकऱ्याच्या डोळ्यात पाहत, आवाज न चढवता, ती आपल्याच बोलीत बोलली.

"हे आमच्या तलावाचं पानी हाये. माह्या आजीले याले हात लावू नाई देत होते. मंग तिनं लावला. म्हून आनलं."

निमलनं ते कसं सांगितलं कोण जाणे. त्याची सिनेमाची हिंदी गळून पडली होती, तो हळू आवाजात आपल्या भाषेत बोलत होता. सेवेकऱ्यानं आडवा हात खाली घेतला. आणि रांगेतली मागची एक बाई, पांढरं नेसलेली, कधी न पाहिलेली, पुढे आली आणि तिनं आपला तळवा बायजाच्या मडक्याला लावला.

मी दचकलो. बायजाही दचकली. निमल घाईनं म्हणाला, "अम्मा, ये हमारा रिवाज है. एक का दान हो, तो सब हाथ लगाते हैं. सबको पुण्य मिलता है."

त्या बाईच्या मागच्या माणसानं तिच्या खांद्याला हात लावला. त्याच्या मागच्यानं त्याच्या. मडक्याला जागा होती तिथे आणखी हात आले, एका पोरीचा, एका म्हाताऱ्याचा, आणि त्या सेवेकऱ्याचाही. ज्या घागरीला एक हात लागू नये म्हणून आमच्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या काळजी घेतली होती, तिथलं पाणी होतं ते, आणि त्याला हात लावायला परमुलखातली माणसं रांग लावत होती. मी रडलो. सांगायला लाज कसली? फॅक्टरीतला कडक तेजराम तिथे वाळूत उभा राहून ढसाढसा रडला आणि डोळे पुसायला दुपट्टाही नव्हता.

बायजा नाही रडली. ताठ मानेनं तिनं मडकं वाकवलं. पाणी मुळाशी गेलं. पाठोपाठ आमच्या सगळ्या तुकडीनं त्रिशरण म्हटलं, आणि तिथल्या लोकांनी आपल्या सुरात म्हटलं. शब्द तेच होते.

निघताना तिनं बस पुन्हा त्या मोठ्या तलावाशी थांबवायला लावली. अमरनं वेळ दाखवली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. बस थांबली. दुपट्टा तलावात भिजवून, काठचा थोडा गाळ त्याला लावून, ती परत येऊन बसली. यावेळी मी काही समजावलं नाही.

लाखांदूरला आल्यावर चार दिवस शेजारपाजारला लंका सांगण्यात गेले. पाचव्या दिवशी दिघोरीची यष्टी. उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाला होता. भैयाजी बांधीतून आले होते आणि वरच्या घाटाच्या खालच्या पायरीवर, पोटऱ्यांचा चिखल धूत पाण्यात उभे होते.

"आले का लंका जिंकून? रावण भेटला का नाई?"

"भेटला," मी म्हणालो. "तुमची चौकशी करून राहिला होता."

बायजा हसली नाही. वरच्या पायरीवर उभी राहून तिनं दुपट्टा उलगडला. आता त्यावर दोन पट्टे होते, एक जुना फिकट आणि एक नवा. तिनं भैयाजींना सगळं सांगितलं. चेन्नईची पोरगी, मडकं, सेवेकरी आणि ते हात. "तिकडं असंच करते," ती म्हणाली. "एकानं दान केलं का सारे हात लावते. हे तिकडच्या तलावाचं हाये. आपल्या तलावात सोडाले आनलं."

भैयाजींनी दुपट्ट्यावरचे दोन्ही पट्टे पाहिले.  त्यांच्या आज्यानं याच घाटाचं पाणी आजीच्या घागरीत सोडलं असेल, वरून, हात न लावता. ते त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. मग त्यांनी हाताचा चिखल धोतराला पुसला. एकदा पुसून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पाण्यात धुतला.

"मी लावू का हात?"

बायजानं दुपट्टा पाण्यात बुडवला आणि त्याचं एक टोक खाली त्यांच्या हातात दिलं. वरच्या पायरीवर आजीची नात, खाली पाण्यात कारभाऱ्याचा नातू. दोघांनी दोन्हीकडून पीळ भरला. पिवळसर धार तलावात पडत राहिली.

"जोरानं पिळा भैयाजीभाऊ," बायजा म्हणाली. "लय दुरून आनलं हाये."

"पिळतो ना वं," ते म्हणाले, आणि थेंब थांबले तरी त्यांनी टोक सोडलं नाही.